ढोरांचा डॉक्टर की कुत्र्या-मांजरांचा? पशुवैद्यकाचा पेशा आणि आपले गाव

शेळीला आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात. पालम तालुक्यात गोदाकाठच्या काळ्या जमिनीपासून माळरानापर्यंत कोठेही जा, ज्या घरी बैलजोडी ठेवणे परवडत नाही त्या घरीही दोन-चार शेळ्या आणि दारात एक कुत्रा हमखास आढळतो. बैल आजारी पडला तर शेतकरी रात्रीसुद्धा धावपळ करतो. शेळीने दोन दिवस चारा सोडला तर मात्र "बघू उद्या" असे म्हणून वेळ दवडली जाते. कुत्र्यालाही लस असते, औषध असते, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

शेतकरी मेळाव्यात पिकांवरील प्रश्नोत्तरे संपली की अलीकडे पालक मंडळी एक वेगळाच प्रश्न विचारतात. "मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतले आहे. तिला ढोरांचा डॉक्टर करावे काय? त्यात पुढे काय आहे?" त्याला जोडूनच दुसरी तक्रार असते. "शिकून तयार झालेले डॉक्टर शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकतात, आमच्या गावात कोणी येत नाही." हे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. म्हणून या पेशात तरुण का येतात, पदवीनंतर कोठे जातात आणि त्यांनी गावाकडे राहावे यासाठी आपल्याला काय करता येईल, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

लहान जनावरे म्हणजे कोणती?

पशुवैद्यकांच्या भाषेत 'लहान प्राणी' म्हणजे मुख्यत्वे कुत्री व मांजरे. गाय, म्हैस, बैल व घोडा ही मोठी जनावरे होत. शेळ्या-मेंढ्यांना 'लहान रवंथ करणारी जनावरे' असे वेगळे संबोधले जाते. आपल्या गावच्या दृष्टीने पाहिले तर शेळी, मेंढी, कोंबडी आणि राखणीचा कुत्रा हीच आपली लहान जनावरे आहेत.

त्यांची संख्या लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या होत्या. त्यापैकी सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात होत्या. कुत्र्याचे म्हणाल तर खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहेच. शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. लातूर जिल्ह्यातील जानवळ परिसर कारवानी व पश्मी जातीच्या कुत्र्यांसाठी ओळखला जातो. तेव्हा कुत्रा पाळणे हे केवळ शहरी श्रीमंतांचे खूळ आहे, असा समज करून घेऊ नये.

पेशाची पूर्वपीठिका

जगातील पहिली पशुवैद्यकीय शाळा फ्रान्समधील ल्यों या शहरात १७६१ मध्ये मंजूर झाली. त्या काळी बुळकांडी रोगाने युरोपात गुरांचे कळपच्या कळप मरत होते आणि त्यावर शास्त्रीय उपाय शोधणे ही निकड होती. म्हणजेच हा पेशा जन्माला आला तो शेतकऱ्याच्या गोठ्यातील संकटातून. ज्या बुळकांडीपायी ही शाळा निघाली, ती बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. अडीचशे वर्षांत या पेशाने मिळविलेले हे सर्वात मोठे यश होय.

आपल्या राज्यात मुंबईतील परळ येथे १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे गेली. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था ही तिचेच आजचे रूप. सुरुवातीच्या काळात पशुवैद्यकाला काम असे ते प्रामुख्याने लष्कराच्या व टांग्यांच्या घोड्यांचे. मोटारी आल्या, घोडे कमी झाले आणि शहरातील डॉक्टर हळूहळू कुत्र्या-मांजरांकडे वळले. गरज बदलली तसा पेशा बदलला.

मराठवाड्याला स्वतःचे पशुवैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९७२ मध्ये, परभणी येथे. ते त्या वेळी मराठवाडा कृषी विद्यापीठाचाच भाग होते. २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे आली. पालमच्या विद्यार्थ्याला परभणी आणि उदगीर ही दोन्ही ठिकाणे जवळची आहेत, हे लक्षात घ्यावे.

शिक्षण कसे असते?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर मिळतो. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यात साडेचार वर्षे शिक्षण व एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यात व गोठ्यावर काम. त्यानंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्यावरच स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार मिळतो. हा नियम १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने घालून दिला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसाच्या डॉक्टरला एकाच प्राण्याचे शरीर शिकावे लागते. पशुवैद्यकाला गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा, मांजर व कोंबडी अशी अनेक शरीरे शिकावी लागतात. शेळीला चार कप्प्यांचे पोट, कुत्र्याला एकच. शेळी साधारण १५० दिवस गाभण राहते, कुत्री ६३ दिवस. आणि यातील एकही रोगी "मला येथे दुखते" असे सांगत नाही. पदवी सर्वांची सारखीच असते. त्यामुळे शहरात कुत्र्यावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आणि आपल्या गावात अडलेली शेळी सोडविणारा डॉक्टर हे एकाच वर्गात शिकलेले असतात. पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन शस्त्रक्रिया, औषधशास्त्र, प्रजनन यांपैकी एका विषयात प्रावीण्य मिळविता येते.

या पेशात मुले का येतात?

विद्यार्थ्यांशी व पशुवैद्यक मित्रांशी बोलताना साधारणपणे पुढील कारणे ऐकायला मिळतात.

१) जनावरांचा लहानपणापासूनचा लळा : गोठ्यात वाढलेल्या मुलाला जनावराची भीती वाटत नाही. त्याच्या चालीवरून, कानांच्या ठेवणीवरून दुखणे ओळखण्याची नजर त्याला घरातच मिळते.

२) घरात झालेले नुकसान : ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेला किंवा एका रोगात शेळ्यांचा कळप बसला, की तो घाव मुलांच्या मनात राहतो. "त्या वेळी डॉक्टर असता तर" हा विचार अनेकांना या शिक्षणाकडे घेऊन जातो.

३) माणसाच्या डॉक्टरकीचे हुकलेले प्रवेश : हे सांगण्यात कमीपणा नाही. 'नीट'मध्ये गुण थोडे कमी पडले म्हणून येथे आलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यातील काही जण नाराजीने दिवस काढतात. परंतु पहिले वासरू स्वतःच्या हाताने सोडविल्यानंतर ज्यांचे मन कायमचे रमले, असेही कितीतरी आहेत.

४) नोकरीची व मानाची अपेक्षा : शासकीय अधिकाऱ्याचे पद, नावापुढे डॉक्टर ही पदवी आणि गावात मिळणारी ओळख यांचे आकर्षण ग्रामीण कुटुंबांना असतेच.

५) शास्त्राची गोडी : न बोलणाऱ्या रोग्याचे निदान करणे हे कोडे सोडविण्यासारखे असते. निव्वळ त्या गोडीनेही काही जण येतात.

पहिल्या कारणाबाबत सावध राहावे. जनावर आवडते एवढ्यावर हा पेशा चालत नाही. दवाखान्यात जनावर एकटे येत नाही, त्याच्याबरोबर मालक येतो. त्याला समजावणे, खर्चाची कल्पना देणे, प्रसंगी त्याचा राग झेलणे हा कामाचा अर्धा भाग असतो. ज्याला माणसे नकोशी वाटतात, त्याने केवळ जनावरांच्या प्रेमापोटी हा मार्ग धरू नये.

मुलींना हे काम झेपेल काय, असेही पालक विचारतात. देशातील पहिल्या महिला पशुवैद्यक सक्कुबाई रामचंद्रन यांनी १९५२ मध्ये मद्रास येथून ही पदवी घेतली. आज सर्वच महाविद्यालयांत मुली शिकत आहेत. जनावर आवरणे हे ताकदीपेक्षा खोडा, दावे व योग्य पद्धत यांचे काम आहे. तेव्हा ही शंका मनातून काढून टाकावी.

पदवीनंतरच्या वाटा

१) शासकीय सेवा : महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी म्हणून निवड होते. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम करावे लागते.

२) लहान प्राण्यांचा खाजगी दवाखाना : मोठ्या शहरांत कुत्र्या-मांजरांवरील उपचारांची मागणी वाढली आहे. मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे अनेक मजली लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले, यावरून या क्षेत्राच्या वाढीची कल्पना यावी.

३) लष्कर : सैन्याच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये घोडे, खेचरे व प्रशिक्षित कुत्रे यांच्या देखभालीसाठी पशुवैद्यक अधिकारी घेतले जातात.

४) दूध संघ, कुक्कुटपालन, पशुखाद्य व औषध कंपन्या : येथे उपचारांबरोबर सल्ला व व्यवस्थापनाचे काम असते.

५) बँका : कृषी अधिकारी पदासाठी पशुवैद्यकीय पदवीधर पात्र असतात.

६) भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण : २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम नगरपालिका, पंचायती यांसारख्या स्थानिक संस्थांनी करावयाचे आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेत तरबेज पशुवैद्यक लागतात.

७) प्राणिसंग्रहालये, वन्यजीव, संशोधन व अध्यापन.

शहराकडे ओढा का?

याचे उत्तर केवळ "पैशासाठी" असे देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. शहरातील माणूस कुत्र्याला घरचा सदस्य मानतो. उपचाराचा खर्च तो कुत्र्याच्या किमतीशी ताडून पाहत नाही. शेतकऱ्याला मात्र तसा हिशेब करावाच लागतो. शेळी विकून जे येईल त्याच्या निम्मे औषधाला गेले तर ती वाचूनही तोटाच, असा विचार तो करतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण शेळी ही त्याची ठेव आहे. परंतु याचा परिणाम असा होतो की, एकेका शेळीवर उपचार करून डॉक्टरचे घर चालत नाही.

दुसरे कारण साधनांचे. शहरातील दवाखान्यात क्ष-किरण यंत्र, सोनोग्राफी, रक्ततपासणी व भूल देण्याची सोय असते. शिकलेली विद्या वापरता येते. गावाकडे पावसात, बॅटरीच्या उजेडात, खोडा नसलेल्या गोठ्यात काम करावे लागते. लाथ बसली, शिंग लागले तर विचारणारे कोणी नसते. तिसरे कारण म्हणजे मुलांच्या शाळा, राहण्याची सोय आणि रात्री-अपरात्रीची बोलावणी. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. एकाच डॉक्टरकडे त्याहून कितीतरी अधिक जनावरे व अनेक गावे आली, तर तो प्रत्येक गोठ्यावर वेळेत पोहोचणार कसा?

पेशातील ओझे

शहरातील लहान प्राण्यांच्या डॉक्टरचेही सर्व काही सुखाचे नसते. दवाखान्याच्या यंत्रसामग्रीसाठी काढलेले कर्ज, मालकाच्या मोठ्या अपेक्षा आणि बरा न होणाऱ्या प्राण्याला शांतपणे मरण देण्याची वेळ, हे सारे मनावर साचत जाते. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांत आत्महत्येचे प्रमाण २.१ पट, तर महिला पशुवैद्यकांत ३.५ पट आढळले. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. तरीही मन मोकळे करण्याला आणि वेळेवर मदत घेण्याला कमीपणा मानू नये, हा धडा शेतकऱ्याला लागू आहे तसाच डॉक्टरलाही आहे. मुलाला या शिक्षणाला पाठविताना पालकांनी ही बाजूही त्याच्याशी बोलावी.

गावात डॉक्टर टिकावा म्हणून काय करावे?

१) शेळ्यांचे लसीकरण सामुदायिक करावे : समजा, डॉक्टरांच्या एका फेरीचा खर्च ५०० रुपये आहे. एका शेळीसाठी बोलावले तर तो सर्व तिच्यावरच पडतो. गावाने ठरवून एकाच सकाळी १०० शेळ्या एकत्र आणल्या तर प्रत्येकीला अवघे ५ रुपये येतात. एकट्याला न परवडणारी सेवा गावाला परवडते. पीपीआर रोगाची लस तीन महिन्यांवरील करडांना द्यावी. तिची प्रतिकारशक्ती सुमारे तीन वर्षे टिकते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. शासकीय मोहिमेची तारीख दवाखान्यातून आधीच विचारून ठेवावी.

२) गावात एक पक्का खोडा उभारावा : ग्रामपंचायतीने हे काम मनावर घ्यावे. जनावर आवरलेले असेल तर डॉक्टरांना इजा होत नाही आणि तपासणी नीट होते.

३) वेळेवर दाखवावे : शेळीने एक वेळचा चारा सोडला, रवंथ थांबली, हगवण लागली किंवा नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला तर त्याच दिवशी दाखवावे. शेवटच्या घटकेला बोलावून "डॉक्टरचा गुण आला नाही" असे म्हणू नये. कोवळी किंवा पाण्याच्या ताणावर असलेली ज्वारी खाऊन विषबाधा झाल्यास तर उपचाराला मिनिटांचाच अवधी असतो. पिकाची ती अवस्था आपल्याला डॉक्टरांपेक्षा आधी दिसते, म्हणून अशा शेतात शेळ्या घालूच नयेत.

४) नोंदवही ठेवावी : लस, जंताचे औषध, फळल्याची तारीख व मागील आजार एका वहीत लिहावेत. न बोलणाऱ्या रोग्याच्या वतीने ती वहीच बोलते.

५) कुत्र्याला रेबीजची लस द्यावी : पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस व पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. माणसाला कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल काहीही लावू नये व ताबडतोब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही. राखणीच्या कुत्र्याची लस ही घरातील लेकरांची राखण आहे.

६) मनाने औषध देऊ नये : माणसाची ताप-वेदनेची गोळी कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर दगावते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक औषधाच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, कारण ते दिलेल्या मृत जनावराचे मांस खाऊन गिधाडे नष्ट होत होती.

७) नोंदणीकृत डॉक्टरकडेच उपचार करावेत : पदविकाधारकांना कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. शस्त्रक्रिया व गंभीर आजार मात्र पदवीधर डॉक्टरांकडेच न्यावेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवावा.

पालकांसाठी चार शब्द

मुलाला अगर मुलीला या शिक्षणाला पाठविण्यापूर्वी सुट्टीत काही दिवस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांच्या परवानगीने बसू द्यावे. रक्त, शेण, घाण वास आणि मालकांची घाई पाहूनही ज्याला दुसऱ्या दिवशी जावेसे वाटते, तोच पुढे टिकतो. परभणी येथील महाविद्यालयाचे चिकित्सालयही एकदा दाखवून आणावे. "ढोरांचा डॉक्टर" हा शब्द घरात हिणवून उच्चारू नये. मुले तोच ऐकून मोठी होतात आणि मग शहरात कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर होण्यातच त्यांना मोठेपणा वाटू लागतो.

शहरातील कुत्र्याचा जीव आणि गावातील शेळीचा जीव शास्त्राच्या लेखी सारखाच आहे. फरक पडतो तो डॉक्टरला मिळणाऱ्या सोयीत, मोबदल्यात आणि मानात. सोयी व पदे देणे शासनाच्या हातात आहे. खोडा उभारणे, शेळ्या एकत्र आणणे, योग्य मोबदला वेळेवर देणे आणि मान राखणे मात्र आपल्याच हातात आहे. पालम तालुक्यातील गावांनी येत्या पावसाळ्यापूर्वी शेळ्यांच्या सामुदायिक लसीकरणाचा एक दिवस ठरवून याची सुरुवात करावी. त्या दिवशी खोड्याशेजारी उभे राहून करडू धरणाऱ्या लेकरांपैकीच कोणीतरी उद्याचा आपला डॉक्टर असेल.